ढगांचा कौल कुणी घेतला?
खानापूर ते दोना पावला : हवामानावर हात टाकण्याच्या प्रयोगांची हकीकत

गुंजी हे खानापूर-लोंढा रेल्वेमार्गावरचं लहान स्टेशन. पण पावसाच्या बाबतीत ही जागा मोक्याची आहे. अरबी समुद्रावरून निघालेला ढग गोवा ओलांडतो, घाट चढतो आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात मोकळा होतो. तिथून पुढे तो हलका होत जातो. बेळगाव शहरात सालाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर अथणी-रामदुर्गाकडे ५०० ते ६०० वर समाधान मानावं लागतं. पाणीही याच तालुक्यातून तीन वाटांनी जातं. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे, भीमगडच्या रानातली म्हादई गोव्याकडे आणि लोंढ्याकडची पांढरी नदी काळीकडे. म्हणजे एकाच ढगावर तीन खोऱ्यांचा डोळा.

गेली काही वर्षं जगभर एक वाद पेटला आहे. हवामान हाताबाहेर चाललंय, तेव्हा माणसानंच ते यंत्रानं दुरुस्त करावं का? सूर्याचा ताप कमी करण्यासाठी आकाशात धूळ पसरावी, समुद्रात लोखंड टाकावं, ढगातून पाऊस काढावा, असे उपाय मांडले जातात. हा वाद परदेशी, प्रयोगशाळेतला वाटतो. पण आपल्या मुलखाला तो नवा नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तो वेगवेगळ्या वेशात इथं येऊन गेला आहे. प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारण्यासारखे होते: हे करण्याआधी कुणाला विचारलं? आणि केल्यावर मोजलं कुणी? या टिपणात तेवढंच तपासायचं आहे.

कुमरी आणि पाऊस

पहिली गोष्ट इंग्रजी अमलातली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कोकणातली झाडी तुटल्यानं झरे आटतायत, पाऊस कमी होतोय, असं त्यांनी सरकारला कळवलं होतं. जंगल राखलं तर पाऊस राहील, हा त्यांचा मुद्दा. आजच्या भाषेत सांगायचं तर हवामान सांभाळण्यासाठी सरकारनं हात घालावा, अशी ही आपल्या बाजूची पहिली मागणी.

मुद्दा अगदीच खोटा नव्हता. झाडं जमिनीतली ओल हवेत सोडतात आणि पाणी जमिनीत मुरायला मदत करतात, हे आज मान्य आहे. पण गिब्सन यांच्या हाती पावसाचे दीर्घ काळाचे आकडे नव्हते. आणि जंगल राखायचं म्हटल्यावर काठी पडली ती कुमरी करणाऱ्यांवर. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन पिकं घेऊन जागा मोकळी सोडायची, ही त्यांची रीत. १८६० च्या सुमारास कानडा जिल्ह्यात परवानगीशिवाय कुमरी करायला बंदी आली. पुढे मुंबई इलाख्यातही निर्बंध कडक होत गेले. दुसरीकडे जहाजांसाठी आणि नंतर रेल्वेसाठी सागवान तुटतच होतं.

यातून एक धडा निघतो तो असा. हवामानाच्या नावानं केलेल्या उपायाची किंमत ज्याचा आवाज सगळ्यात बारीक त्यानंच मोजली. रानातल्या माणसाला विचारलं नाही, आणि बंदीमुळे पाऊस वाढला की नाही हेही कुणी मोजलं नाही.

ढगात मीठ

दुसरी गोष्ट ढगपेरणीची. १९४६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकून हिमकण पाडून दाखवले. पाठोपाठ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा गुण शोधला. पाचच वर्षांत, १९५१ मध्ये, टाटांच्या कंपनीनं पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला. भारतातला हा पहिला प्रयत्न मानतात. म्हणजे या विद्येचा देशातला श्रीगणेशाच सह्याद्रीत झाला.

ढगपेरणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. ढगात पाणी असतं, पण त्याचे थेंब इतके बारीक की खाली पडत नाहीत. उबदार ढगात मिठाची भुकटी टाकली की मीठ ओल ओढून घेतं, थेंब मोठे होतात आणि पडू लागतात. उंच, थंड ढगात सिल्व्हर आयोडाइडभोवती बर्फाचे कण धरतात. दोन्हीत अट एकच: ढग आधी असायला हवा, आणि तोही भरलेला. कोरड्या आभाळातून कुठलंही विमान पाऊस काढू शकत नाही. बी कितीही चांगलं असलं तरी वाफसा नसेल तर काय उगवणार?

या विद्येची आपल्याकडची सगळ्यात नेटकी परीक्षा बारामतीच्या परिसरात झाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं १९७३ ते १९८६ या काळात, मध्ये काही वर्षांची सुट्टी घेऊन, एकूण ११ पावसाळे डकोटा विमानातून मिठाची भुकटी टाकली. प्रयोगाची आखणी बघण्यासारखी आहे. उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले, मधे एक पट्टा मोकळा ठेवला. कुठल्या दिवशी कुठल्या भागावर पेरायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरायचं. मनाला येईल तो ढग निवडायचा नाही. ११ वर्षांचा हिशोब लावला तेव्हा पाऊस सरासरी २४ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. तेही एवढंच सांगून की योग्य ढग असेल तर.

नंतर याच संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात पुन्हा प्रयोग केले. २७० च्या वर ढग तपासले, काहींवर पेरणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात १८ टक्क्यांच्या आसपास वाढ निघाली. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, अथणीसारखं. तिथला आकडा खानापूरच्या घाटपट्ट्याला लावता येणार नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्या आभाळातली विमानं

आता सीमाभागाकडे येऊ. २००३ साल लई वाईट गेलं. सलग अवर्षणानं कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यं हैराण होती. कर्नाटकानं ‘वरुण’ आणि महाराष्ट्रानं ‘वर्षा’ अशा नावांनी त्याच साली ढगपेरणी केली. पुढे २०१७ मध्ये कर्नाटकानं ‘वर्षधारी’ योजना काढली. त्या वर्षीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. जूनच्या सुरुवातीला राज्याच्या जलसंपदा मंत्र्यांनी कृष्णेच्या उगमावर महाबळेश्वरला आणि कावेरीच्या उगमावर पर्जन्यहोम केला, आणि ऑगस्टात बंगळूरच्या जक्कूर विमानतळावरून ढगपेरणीची विमानं उडाली. यज्ञ आणि यंत्र एकाच पावसाळ्यात.

त्याला हसण्याचं कारण नाही. आपल्याकडे पाऊस लांबला की गावदेवीला गाऱ्हाणं घालतात, उत्तर कर्नाटकात घरोघर गुर्जी फिरवतात, कुठं बेडकांची लग्नं लावतात. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. गाऱ्हाण्याला गाव गोळा होतं, मानकरी बसतात, देवीचा कौल लावतात. कौल डावा आला तर काम थांबतं. विमानाच्या बाबतीत हा थांबाच नाही. जी परवानगी लागते ती विमान उडवायची. पाऊस इकडचा तिकडे हलवायला कुणाची परवानगी लागते, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात ढगपेरणी करायची तर आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. लोकांना हरकत घ्यायला वाव राहतो.

२०१९ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं दोन वर्षांच्या ढगपेरणीला सुमारे ९० कोटी रुपये मंजूर केले. पहिला हंगाम सुरू होतो न होतो तोच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आभाळ फाटलं. मलप्रभेनं खानापुरात हाहाकार केला, नविलुतीर्थ धरणातून पाणी सोडावं लागलं, निपाणीजवळ वेदगंगेच्या पुरानं महामार्ग अडला, कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. पूर ढगपेरणीमुळे आला का? नाही. सबंध पश्चिम किनाऱ्यावर कित्येक दिवस चाललेला तो पाऊस होता. एकेका ढगात थोडीफार भर घालणाऱ्या विद्येचं ते काम नव्हे. पण अशा वेळी लोकांच्या मनात शंका येते, आणि ती अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. अमेरिकेतल्या रॅपिड सिटी इथं ९ जून १९७२ ला महापूर येऊन २३८ माणसं गेली. त्याच दिवशी जवळच मिठाची ढगपेरणी झाली होती. प्रकरण कोर्टात गेलं. पेरणीचा पुराशी संबंध होता असं सिद्ध झालं नाही, पण संशय कायमचा राहिला. नोंदी आधीच उघड ठेवल्या असत्या तर संशयाला जागा उरली नसती.

मग २०२३. त्या वर्षी कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सप्टेंबरच्या अखेरीस बेळगावच्या सांबरा विमानतळावरून ढगपेरणीचं विमान उडालं. यावेळी पुढाकार खासगी होता. हेतू चांगला असेलही. पण तारीख बघा. सप्टेंबर सरला म्हणजे मोसमी पावसाच्या परतीचे दिवस. पुनर्वसू-पुष्याचा तरणा-म्हातारा पाऊस होऊन दोन महिने उलटलेले. खानापूरकडचं भात तेव्हा पोटरीत, निसवणीत. ज्याला पाणी हवं त्याला ते महिन्याभरापूर्वी हवं होतं.

या सगळ्या वर्षांत एक समान धागा दिसतो. दुष्काळ पडला की ओरड होते, ओरड झाली की निविदा निघते, निविदा निघून विमान येईपर्यंत भरलेले ढग निघून गेलेले असतात. मग जे मिळतील त्या ढगांवर पेरणी होते, पाऊस पडला तर यश, नाही पडला तर ढग नव्हते. चिठ्ठी टाकून काही ढग तसेच सोडावेत, तुलना करावी, एवढी उसंत संकटाच्या वर्षी कुणाला नसते. ‘तहान लागल्यावर विहीर खणणं’ म्हणतात ते हेच. बारामतीला ११ वर्षांत एक आकडा हाती आला. २००३ पासूनच्या घाईच्या हंगामांतून तसा एकही भरवशाचा आकडा हाती लागला नाही. दिल्लीत ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रदूषण धुवायला केलेल्या पेरणीचंही तेच झालं. ढगात ओल नव्हती, पाऊस पडला नाही.

गोव्याहून निघालेलं लोखंड

तिसरी गोष्ट गुंजीपासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आतली. गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २००९ च्या आरंभी या संस्थेनं जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर एक प्रयोग केला. नाव ‘लोहाफेक्स’. त्यातलं ‘लोहा’ आपलंच. हा निव्वळ पावसापुरता नव्हे, तर अख्ख्या पृथ्वीच्या हवेशी संबंध असलेला प्रयोग होता. भारतीय बाजूचे प्रमुख होते डॉ. वाजिह नक्वी, जर्मन बाजूचे व्हिक्टर स्मेटासेक. जहाजावरच्या शास्त्रज्ञांत निम्म्याहून जास्त भारतीय होते.

कल्पना अशी. दक्षिण महासागराच्या पाण्यात बाकी खत भरपूर, पण लोखंड कमी. लोखंड घातलं तर सूक्ष्म शेवाळ फोफावेल, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड खाईल, मरून तळाला जाईल आणि कार्बन तिथंच गाडला जाईल. शेताला खत टाकावं तसं समुद्राला.

जहाज केप टाउनहून निघालं आणि वाद सुरू झाला. २००८ च्या मे महिन्यात जर्मनीतल्याच बॉनला जैवविविधता कराराच्या बैठकीत समुद्राला असं खत घालण्यावर बंधनं आणायचा ठराव झाला होता. पर्यावरण संघटनांनी त्यावर बोट ठेवलं. जर्मन पर्यावरण मंत्रालयानं हरकत घेतली, संशोधन मंत्रालयानं काम थांबवलं, स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि जानेवारीच्या शेवटी परवानगी दिली. जहाज समुद्रात आणि कौल जमिनीवर, अशी अवस्था होती.

मग दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन विरघळलेलं लोखंड सोडलं आणि पाच आठवड्यांहून जास्त काळ त्याचा मागोवा घेतला. निकाल काय? शेवाळ वाढलं, पण थोडं. त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे काचेसारखं कवच असलेले डायअ‍ॅटम वाढलेच नाहीत. जे दुसरं शेवाळ आलं ते बारीक जीवांनी खाल्लं, त्या जीवांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्लं. तळाला कार्बन गेला तो नगण्य. शास्त्रज्ञांनी ते उघड सांगितलं: इथं हा उपाय चालत नाही.

हा प्रयोग फसला असं काही जण म्हणतात. मला तो यशस्वी वाटतो. प्रश्न विचारला गेला, हरकतीला उत्तर द्यावं लागलं, मोजमाप झालं आणि नको असलेला निकालही लपवला नाही. विसंगती अशी की भर समुद्रात, जिथं गाव नाही, शिवार नाही, तिथं एवढी विचारणा झाली. आणि आपल्या शिवारावर, गावं नांदती असताना, झाली नाही.

आता सूर्यावर झाकण

आजचा मोठा वाद सूर्यप्रकाश अडवण्याचा आहे. फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं जून १९९१ मध्ये दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पुढच्या वर्षी पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशानं थंड झाली. तेच विमानांतून करावं का, असा सवाल आहे. ओझोनच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले पॉल क्रुट्झन यांनी २००६ मध्ये, यावर निदान अभ्यास तरी करा, असं लिहिलं आणि तोवर दबक्या आवाजातली चर्चा उघड्यावर आली.

बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा ऐकून घ्यायला हवा. धूर कमी करायला जग तयार नाही, उष्णतेच्या लाटेत मरतो तो उन्हात राबणारा गरीब, मग हाताशी स्वस्त उपाय असताना नाकारायचा का? विरोधकांचा मुद्दाही तेवढाच वजनाचा. झाकण एकदा घातलं की काढता येत नाही. काढलं तर साठलेली उष्णता एकदम उसळेल. आणि झाकणाची दोरी कुणाच्या हातात?

आपल्यासाठी यात एक गोष्ट जिवाची आहे, ती म्हणजे मोसमी पाऊस. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, त्या फरकावर हा पाऊस चालतो. पिनाटुबोनंतर पृथ्वी थंड झाली, पण जगात जमिनीवरचा पाऊसही घटला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. जी. बाला आणि त्यांचे सहकारी संगणकावर याचाच अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या एका अभ्यासात असं दिसलं की फक्त उत्तर ध्रुवाकडे धूळ पसरली तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि भारतातला मोसमी पाऊस घटतो. म्हणजे कुणी आपलं बर्फ वाचवायला गेलं, तर इथल्या धूळवाफ पेरणीला मृगाचा भरवसा राहणार नाही. गुंजीच्या शेतकऱ्याचं नाव त्या चर्चेत कुठंच नाही, पण पणाला त्याचंच भात लागलेलं आहे.

स्वीडनमध्ये २०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पथकाला किरुना इथं फुगा सोडून यंत्रं तपासायची होती. धूळ सोडायचीही नव्हती. तिथल्या सामी लोकांच्या परिषदेनं पत्र लिहून विचारलं, आम्हाला न विचारता कसं ठरवलं? उड्डाण रद्द झालं. रेनडिअर राखणाऱ्या मूठभर लोकांनी कौल मागितला आणि तो मानावा लागला.

मंडळापुढे ठेवण्याजोगं

माझं म्हणणं प्रयोगच नकोत असं नाही. बारामतीचा प्रयोग नसता तर ढगपेरणी किती आणि कधी उपयोगी, हे कळलं नसतं. लोहाफेक्स नसतं तर समुद्राला खत घालायच्या कल्पनेवर अजून पैसे उडाले असते. पण इतिहास सांगतो तो असा: संकटाच्या घाईत केलेला प्रयोग ना पाऊस देतो, ना शहाणपण. आणि न विचारता केलेल्या उपायाची किंमत कुमरीवाल्यासारखी कुणीतरी तिसराच भरतो.

म्हादईच्या पाण्याचा तंटा आपण पाहिला आहे. लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी आलं, त्यात कळसा-भांडुरासाठी ३.९, आणि तरी भांडण मिटलं नाही. नदी दिसते, मोजता येते, तिचं हे असं. उद्या ढगाचा वाटा मागायची वेळ आली तर लवादापुढे कुठला कागद ठेवणार?

तो कागद आपणच तयार करायला हवा. कुठल्या दिवशी विमान उडालं, कुठल्या गावावर, काय टाकलं, किती पाऊस झाला, याची नोंद ग्रामपंचायतीत लागावी, अशी मागणी आपल्यासारख्या मंडळांनी करायला हरकत नाही. आणि आपल्या बाजूनं, घरच्या वहीत पाऊस लिहून ठेवणारी जी वडीलधारी मंडळी खानापूर-निपाणी भागात असतील, त्यांच्या वह्या रद्दीत जाण्याआधी उतरवून घ्याव्यात. मृग कधी लागला, रोपलावण कधी झाली, ओढा कधी आटला, एवढं लिहिलेलं असलं तरी पुरे. पुढच्या वेळी कुणी आभाळ दुरुस्त करायला आलं, तर आधी ते कसं होतं हे सांगायला आपल्याकडे तेवढा पुरावा असेल.